कोबा

गावभागातल्या घराखालचं गॅरेज
चार वर्षं मी उघडलं नव्हतं.
आतलं होतं नव्हतं ते एकदा ट्रॅक्टरभर काढून टाकलं.
उरला कोबा, भुरकट, पोपडे धरलेला,
मधोमध अण्णांच्या फियाटच्या तेलाचा डाग,
आणि भिंतीवर, माझ्या खांद्याच्या जरा वर,
पाण्यानं ओढलेली तपकिरी रेघ.

गाडी घेतली होती. जुनीच, पण माझ्या पगाराची.
तिच्यासाठी कुपवाडहून दस्तगीर नदाफला बोलावलं.
कारखान्यांच्या जमिनी करतो तो,
औषधांच्या, बिस्किटांच्या, सुताच्या.
चपला बाहेर काढून आत आला, उकिडवा बसला,
कोब्यावर पाण्याचा एक थेंब टाकला
आणि तो कुठं जातो ते बघत राहिला,
डॉक्टर जीभ बघतो तसा.
मग हातभर प्लास्टिक
चारी कडांनी चिकटपट्टीनं जमिनीला डकवून
"उद्या," म्हणाला.

सकाळी प्लास्टिकला आतून घाम फुटलेला.
"ताई, कोबा अजून पाणी पितोया."
मी म्हटलं, पूर जाऊन चार वर्षं झाली.
"तुमच्यासाठी," तो म्हणाला.
"आत्ता कोट मारला तर खालनं फोड येतील. थांबा."

थांबले. थंडीभर दार सताड उघडं.
दर पंधरवड्याला मीच प्लास्टिक डकवायचे,
पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा कोपरा उचलायचे.
शेजारच्या पद्माकाकू विचारायच्या, काय उगवलं का?
फाल्गुन संपता संपता एकदा
काही उगवलं नाही.

मग ग्राइंडर. दोन दिवस नुसती धूळ,
बाहेरची जास्वंद पिठात लोळल्यासारखी.
तेलाचा डाग सोड्यानं धुतला, घासला, परत धुतला,
तरी सावली राहिलीच.
तेवढी जागा दस्तगीरनं छिन्नीनं खरवडून काढली.
"तेलावर काही धरत नाही," म्हणाला,
"वरनं धरल्यासारखं दाखवतं फक्त."
मला आमच्या घरातली दोन-तीन माणसं आठवली.

प्रायमर. एक रात्र मध्ये.
मग दोन डबे,
एक मधासारखा जाड, एक पातळ, नाकात चुरचुरणारा.
वेगवेगळे वर्षभर ठेवा, काही होत नाही.
एकात एक ओतले की चाळीस मिनिटं.
तेवढ्यात फोन नाही, चहा नाही, कुणाची हाक नाही.
मागच्या भिंतीपासून दाराकडे यायचं,
उलटं केलं तर आपणच कोपऱ्यात अडकायचं.
दस्तगीर खिळ्यांचे बूट घालून ओल्या राखाडीतून चालला,
काट्यांच्या रोलरनं बुडबुडे फोडत.
त्यानं पाय उचलला की मागची भोकं
आपापली भरून यायची.
"रेघ पण रंगवू का?" त्यानं भिंतीकडे मान केली.
नको म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ट्यूबलाइट लावली
तर जमीन नव्हतीच.
पाणी होतं. संथ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरलेलं,
त्यात ट्यूबलाइट, छताचा बीम, उलटी मी.
काही कळायच्या आत
डाव्या हातानं सलवार घोट्याच्या वर ओढली होती
आणि तोंडात आलं होतं,
आयर्विनला किती फूट?

दस्तगीर हसला नाही.
"कुपवाडात असं कुणी करत नाही," म्हणाला.
"गावभागात सगळी करतात.
मागं एक मास्तर, चपला हातात घेऊन
उंबऱ्यावर उभे, अर्धा तास."

मी पाय टाकला.
गार.
उचलून तळवा बघितला. कोरडा.

आठवडाभर गाडी गल्लीतच होती,
पद्माकाकू तिच्यावर पापड वाळवू का विचारत होत्या.
बादलीत उरलेलं मिश्रण मात्र आपल्या आपणच तापलं,
धुमसलं, आणि दगड झालं,
ढवळायची पट्टी उभीच्या उभी आत धरून.
ते मी फेकलं नाही.
नदीकडनं वारा आला की गॅरेजचं दार आपटतं,
त्याला लावते.