पावशेर ज्वारी

आधारवर पद्मिनी, रेशनवर पदमीन.
खिडकीतला पोरगा म्हणला, मावशी, या बाया दोन आहेत,
फुकटातलं ऑपरेशन एकीचंच होतंय.
एका जोडाक्षरापायी एकवीस दिवस
काखेतली गाठ वाढत राहिली.
तिला कुणी कागद मागितला नाही.

घनसावंगीची मुक्कामी गाडी पहाटे पाचला निघायची.
कंडक्टर बोलायचा नाही,
खिडकीची जागा मात्र तिकिटाची पेटी ठेवून धरायचा.
चार महिने.
नाव विचारायचं राहूनच गेलं.

हे डाक्टरला एकच विचारायचे,
वेचणीला कवा जाईल?
मला राग यायला पाहिजे होता.
पण माझ्याही तोंडात तेच होतं.

जावेनं माझा गलास वेगळा केला,
खिळ्याला दोरा बांधून खूण केली.
आणि केमोच्या रात्री तीच
माझ्या ओकारीखाली घमेलं धरून बसली,
उजाडेस्तोवर, मांडी न बदलता.
रेशनवरची एक, आधारवरची दुसरी.
तिचीही नावं दोनच असतील कुठंतरी.

शेजारच्या खाटेवर सिल्लोडची रहेमतबी.
म्हणली, एक बाजू हलकी झाली की
मान वाकडी होती गं, मला इच्यार.
जुन्या झंपराची तिनं पिशवी शिवली,
आत ज्वारी भरली,
गेटवरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर जोखली.
पावशेर, वर चार दाणे.
"एवढीच व्हती तुझी," म्हणली,
तवा आम्ही दोघी टाके दाबून धरून
हसलो. भाजीवाला तिकडं बघत उभा राहिला.

तिसरं साल लागलं.
परवा पिशवीत काहीतरी वळवळलं,
काळजात धस्स झालं, हात आपोआप काखेत गेला.
उसवून बघितलं तर सोंडे.
रहेमतबीला फोन लावला.
ती म्हणली, कडूलिंबाचा पाला घाल,
आन् मेलीला ऊन दाखव जरा,
किती दिवस अंधारात ठेवतीस?

सुपात पसरून ओसरीवर ठेवली.
जाव म्हणली, एवढीशी ज्वारी कशाला वाळवतीस?
म्हणलं, माझी हाय.
तिनं एकदा सुपाकडं बघितलं, एकदा माझ्या पदराकडं,
आणि काठी घेऊन
दुपारभर चिमण्या हाकलत बसली.