पेर

मोमिनपुऱ्यात, चौथ्या मजल्याच्या गच्चीवर
आम्ही कूलरच्या ताट्या बदलत होतो.
जोहरची अजान झाली.
नसरुल्लाचाचांनी पाना ठेवला,
कोपरापर्यंत हात धुतले,
खालच्या खोलीत चटईवर उभे राहिले.

मी जिन्यात, पंपाची वायर धरून.
ते वाकले, ओठ हलले.
मग कपाळ फरशीला,
आणि त्या सगळ्यात खालच्या जागी
पुटपुटले: सुब्हान रब्बियल आला.
पवित्र माझा रब, सर्वांहून उंच.

अर्थ त्यांनीच सांगितला होता, मागच्या उन्हाळ्यात.
मी म्हटलं होतं, मग गच्चीवरच म्हणा की, चाचा.
"वरून काय दिसते रे बाप्पा?
टाक्या अन् पत्रे.
उंची खालूनच समजते."

आता बसल्या बसल्या पेरं मोजतात.
सुब्हानल्लाह तेहेतीस,
अल्हम्दुलिल्लाह तेहेतीस.
करंगळीचं टोक पंख्यानं नेलं.
तिथे आला की अंगठा
क्षणभर हवेला टेकतो.
ते पेरही धरतात हिशेबात,
त्याचेही आभार.

अल्लाहु अकबर मात्र चौतीस.
एक जास्तीचा का,
विचारायचं राहूनच गेलं.
वर कूलर कोरडाच फिरत होता.