अर्धा प

सम्यका विचारते, आजी, पटली का तुला नवी मालिका?
गजभियेसायबांचं राहिलं का त्यात काही?
मे महिना. मी कुलरच्या टाकीत बादली ओतून राहिली,
इंदोऱ्याला नळ सकाळी चाळीस मिनिटं.
उत्तराला वेळ लागतो.

आठ भाग पाहिले, तीन रात्रींत.
यान चकचकीत आहे बाप्पा, भिंतीसुद्धा बोलतात.
नाव तेच ठेवलं, 'शेजार'.
पण कप्तानाला खुर्ची दिली, उंच,
आणि खुर्चीला घराणं.
तिसऱ्या भागात कळतं, त्याचा आजाही कप्तानच होता.
चौथ्यात बंदुका निघतात.
हिरामण गजभियेंच्या बावीस पुस्तकांत
हत्यार आलं ते एकदाच: पाना,
तोही गळकी टाकी आवळायला.

अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते ते.
रात्रपाळी सुटली की सरळ छापखान्यात,
बोटांना ग्रीस, पिशवीत वही.
मालकांचं आडनाव मून,
म्हणून म्हणायचे, वच्छलाबाई, माझी पुस्तकं चंद्रावरच छापतात.
पानं चौसष्ट, किंमत दीड रुपया.
यानात पाण्याची टाकी एकच. सगळे तिच्यातूनच पितात,
मंगळावरचा, भंडाऱ्याचा, ज्याला ओठच नाहीत तोही.
आडनाव कोणी विचारत नाही.
विचारलं, तर यान हळू होतं.
असं कसं, मी एकदा म्हटलं.
म्हणाले, ते विज्ञान अजून यायचं आहे.

काल गच्चीवर सम्यकाचे दोस्त भांडत होते.
एक म्हणे, जमाना बदलला, अंधारच दाखवावा लागतो.
दुसरा तावातावानं, विटाळलं यांनी सायबांचं काम!
मी पापड वाळू घालत होते. म्हटलं, तो शब्द नको, बापू.
त्याच शब्दाविरुद्ध तर बावीस पुस्तकं.

ह्या पोट्ट्यांना एक गोष्ट माहीत नाही.
पहिल्या पुस्तकात कप्तान होता.
सायबांनीच लिहिला होता, मिशीवाला, हुकूम सोडणारा,
थेट त्यांच्या फोरमनसारखा.
पहिला फर्मा जुळवताना, सोळाव्या पानावर,
खणातला अर्धा प संपत आला.
एकच खिळा उरला.
वाक्य होतं: कप्तानाला स्वप्न पडले.
मी विचारलं, सायेब, प एकच आहे. कप्तान छापू का स्वप्न?

ते चहाचा कप धरून उभेच राहिले.
बाहेर रिक्षावाला कोणाशी तरी पैशावरून कचकच करत होता.
मग म्हणाले, स्वप्न छापा.
आणि मागच्या पंधरा पानांतले कप्तानही काढा,
ते अर्धे प पुढच्या स्वप्नांना लागतील.
रात्रभर मी चिमट्यानं कप्तान उपटले, एकेक.
त्या जागी बसला 'पाळीवाला'.
आज ज्याची पाळी, तो यान चालवील. शेडमधलाच रिवाज.
मी म्हटलं, आणि पाळीवाली?
लाजले. चौथ्या पुस्तकात आली ती.

आता तूच सांग सम्यका, तत्त्व कोणाचं म्हणू?
थोडं फिटरचं, थोडं खणातल्या टंचाईचं,
पाव हिस्सा माझाही लाव, मजुरी तेव्हा थकलीच होती.

सहाव्या भागात एक जागा आहे. तू चहा करायला गेली होतीस.
कप्तान जखमी पडलाय. फरशी पुसणारी पोरगी
टाकीखाली पेला धरते, आधी स्वतः पिते,
मग तोच पेला त्याच्या तोंडाला लावते.
तो पितो. पेल्याकडे बघतही नाही.
मागे वाजत होतं ते संगीतही थांबवलंय कोणीतरी.
सात सेकंद असतील.
कोणी लिहिलं ते, नावांच्या पाटीत दिसलं नाही,
अक्षरं फार लवकर पळतात.

बाकीचे आठ तास? बंदुका.
नाही पटली, हे लिहून ठेव.
पण पुढचे भाग आले की हाक मार.
पहिल्या फर्म्यात सायबांचाही कप्तान होताच.
यांच्या खणात काय कमी पडतं, बघू.

टोटी बंद कर, वाहून राहिलं पाणी.