वेल, कोपरापर्यंत

"वेल लहान करूचो हा," एस्पी फोनवर म्हणाली
आणि मला आधी दिसला परसातला दोडका,
कुंपण ओलांडून शेजाऱ्यांच्या गोठ्यावर चढलेला.

मग ती आलीच लेकीला घेऊन.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात डांबरगोळ्या,
गोळ्यांखाली रुझायआजीच्या लग्नातलं ते जाळीदार पांढरं.
पांढरं कसलं, पेजेच्या निवळीच्या रंगाचं.

वेंगुर्ल्यात माझं दुकान बाजाराच्या उतारावर,
लिलावाची बोली ऐकू येते इतकं खाली.
लविनाने आरशासमोर वेल डोक्यावर घेतला
तो फरशीवरून, मशीनच्या पायट्याखालून
थेट उंबऱ्यापर्यंत गेला.
बाहेर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

"माका इतको लांब नको.
चर्चीच्या पायऱ्यांर वारो कसो आसता, ठावूक आसा मा?"
"फोटोत लांबच बरो दिसता," एस्पी म्हणाली,
मला म्हणाली, म्हणजे लेकीला.

दुसरा एक होता, बेळगावहून आणलेला,
किमतीच्या चिठ्ठीसकट, टिकल्यांचा,
मान हलवली की करकरणारा.
लविनाने दोन्ही नाकाला लावले.
नव्याला गोदामाचा वास, जुन्याला गोळ्यांचा.
"ह्यो धुतलो तर जायत," म्हणाली.
निवड झाली.

जाता जाता दारातून परत वळली.
"नि पुढचो पदर काढून टाक.
तो थंय कसो उभो आसा, ता माका बघूचा आसा."
एस्पीने छत्री उघडली, मिटली,
काही बोलली नाही.

रात्री भांडी झाल्यावर उसवायला बसले.
काठाची लेस वाचवायची तर वेल डोक्याकडून कापायचा,
म्हणून कंगव्याजवळच्या चुण्या सोडवल्या एकेक,
आणि टाके ओळखीचे निघाले.
तिळाएवढे. दर सातव्याला एक उलटा.
सासूबाईंचा हात, चष्मा लागायच्या आधीचा.
एस्पीच्या लग्नात त्यांनीच कापला होता हा, दीड हात,
आणि मला कधी सांगितलं नव्हतं.
सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय.
तरी मी तो दोरा टाकला नाही,
सुयांच्या उशीला गुंडाळून ठेवला.

पुढचा पदर वेगळा झाला तेव्हा
सहज तोंडासमोर धरला.
ट्यूबलाइट दिसली, कॅलेंडर दिसलं, सगळंच दिसत होतं.
माझ्या वेळी मध्ये होता अंतरपाट,
मामांचं उपरणं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक.
त्याच्याखालून दोन पावलं तेवढी दिसायची,
डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.
सगळी मंगलाष्टकं मी त्या चिंधीकडे बघत काढली:
ठेच लागली असेल, की कुरूप?
ते उपरणं नंतर कुठे गेलं
विचारलंच नाही कुणाला.

एस्पीला मात्र विचारलं, दुसऱ्या दिवशी,
तुझ्या वेळचा तुकडा कुठे गेला?
"आंब्याच्या साठांर घालू, माशे बसाक नको म्हणान.
तीन मे काढले तेणां.
मगे हिच्या पाळण्यार.
मगे खंय गेलो, देवाक ठावूक."

उजव्या बाजूला गंजाचा डाग होता,
कुठल्यातरी टाचणीचा, मिठालिंबाने न गेलेला.
त्यावर लेसचं एक फूल लावलं.
एस्पी म्हणाली, डावीकडेही लाव, जोडी होईल.
लविना म्हणाली, एकच ऱ्हवांदे.

कोपरापर्यंत, तिने बोट ठेवलं तिथपर्यंत.
कात्री घेतली तेव्हा एस्पी बाहेर जाऊन उभी राहिली,
कोळणीशी उगाच बांगड्यांचा भाव करत.
दोडक्याचा शेंडा खुडताना येतो तसाच
बारीक आवाज आला.

उरलेलं मोजलं: सव्वा मीटर, शिवाय तो पदर.
डब्यात घडी करून दिलं, जुन्या गोळ्या काढून.
दोन सुपांवरची साठं झाकतील.
तिसऱ्याला अपुरं पडेल.