सरासरी

मार्चअखेरच्या बैठकीत भिंतीवर नकाशा लागला.
तालुका हिरवागार.
गोवर-रुबेला, पहिला डोस : ब्याण्णव टक्के.
साहेब म्हणाले, छान. चहा आला.

माझ्या पिशवीत उपकेंद्राचं रजिस्टर होतं.
पान सत्तेचाळीस, वागदरा तांडा.
एकोणतीस लेकरं, अकरा जणांपुढे तारीख,
बाकीच्या अठरांपुढे माझ्याच अक्षरात
बाहेरगावी,
आणि त्याखाली सतरा वेळा नुसत्या दोन रेघा,
म्हणजे वरीलप्रमाणे.

मी चहा प्याले. बोलले नाही.

बाहेरगाव म्हणजे ऊस.
दसरा झाला की ट्रक भरतो,
पातेली, कोंबड्या, कोपीचे बांबू,
आणि गोधड्यांच्या गाठोड्यावर
नेमकी नऊ-दहा महिन्यांची लेकरं.

गेले होते की मी, ट्रक सुटायच्या सकाळी,
खांद्याला निळी पेटी, आत बर्फाच्या चार पट्ट्या
आणि न फोडलेली कुपी.
कवळाबाई राठोड चाकापाशी उभी होती.
"सुई दिली की लेकरू तापतंय, बाई.
तापलं की मी फडात जात नाही.
मी नाही गेले की कोयता बंद,
मुकादम खाडा धरतो.
तो तुम्ही भरून देता का?"

खाड्याचा रकाना माझ्या रजिस्टरात नाही.
कुपी तशीच परत आणली, फ्रीजमध्ये ठेवली.
तापमान लिहिलं : चार अंश. बरोबर होतं.

गोवराला नकाशा वाचता येत नाही.
त्याला ही कोपी कळते, ती कोपी कळते,
मधलं पाचट कळतं,
आणि खोकणारं पोर उठून गेल्यावरही
दोन तास त्याचीच राहिलेली हवा.
माझे वडील पाणी द्यायला जाताना म्हणायचे,
बांध शंभर हात पक्का असू दे,
पाणी घुशीच्या बिळालाच वाट विचारतं.

एप्रिलात ट्रक परतले.
कवळाबाईची गुंजन कानामागून लाल होत गेली.
दाराला लिंबाच्या डहाळ्या लागल्या.
"बाया आल्यात, नाव घेऊ नका."
मी नाव घेतलं,
नमुना घेतला, अ जीवनसत्त्व पाजलं, फॉर्म भरला.
आठ दिवसांत तेरा फॉर्म.

चौदावा ओढ्याच्या अलीकडे, गावात.

गावात आमचे अठ्ठ्याण्णव टक्के.
तिथल्या भुसारे गुरुजींच्या सुनेनं तर
कार्ड लॅमिनेट करून फ्रीजला चिकटवलेलं,
एकही तारीख हुकलेली नाही.
तिचा शर्विल सहा महिन्यांचा.
त्याची पाळीच आली नव्हती.
नऊ महिने होईपर्यंत लेकराला
दुसऱ्यांनी टोचून घेतलेल्या सुईवर जगावं लागतं.
हे तिला मी परभणीच्या दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं.
ती म्हणाली, "मग त्यांना का नाही दिली?"
मी म्हणाले, मला नाही देता आली.
ऑक्सिजनचा बुडबुडा वाजत होता, आम्ही दोघी तो ऐकत बसलो.

तालुका तेव्हाही ब्याण्णवच होता.
सरासरी म्हणजे वस्त्रगाळ पाणी,
गाळ फडक्यात राहतो
आणि फडकं कुणी बैठकीत झटकत नाही.

औंदा पोळ्याच्या करीला तांड्यावर गेले.
या सुईचा ताप आठवडाभरानं येतो,
तेव्हा तो घरीच येऊन जाऊ दे,
ट्रकला अजून महिना आहे, असं दारोदार सांगितलं.
चार घरांनी दार लावून घेतलं.
पाचव्यातून कवळाबाई निघाली,
कडेवर जावेचं लेकरू.
त्याची मांडी तिनंच धरली, घट्ट.
मी कापूस दाबत होते, तेव्हा खाली बघून म्हणाली,
"त्या गुरुजीच्या नातवाला
ऐकू येतंय का आता?"

उजव्या कानानं येतं, मी म्हणाले.

पान सत्तेचाळीसवरच्या रेघा मी खोडल्यात.
आता प्रत्येक नावापुढे कारखाना, मुकादम, फोन नंबर.
अक्षर रकान्यात मावत नाही, समासात जातं.
साहेब म्हणतात, रजिस्टर घाण दिसतंय.