मुळा मोडण्याचा आवाज

सातपूरला, बंद पडलेल्या नटबोल्टच्या गाळ्यात
गांगुर्डे माइकसमोर मुळा मोडतो.
पडद्यावर एका बाईची मान.

द्राक्षं चिरडली की डोळे.
ओला टॉवेल फरशीवर आपटला
की कुणीतरी जिना चढतंय.

कॅमेरा माझा. दार मीच अर्धं उघडं ठेवलेलं,
बाई पार उजव्या कोपऱ्यात,
बाकी सगळी नुसती भिंत.

"इथे काय वाजवू?"
"काही नको. फ्रिजची घरघर आहे ना,
तीही काढ."

त्याने काढली.
आणि भिंतीकडे बघत
आम्ही दोघंही खुर्चीत मागे सरकलो.

रात्री गंगापूर रोडला, घरी,
पिशवीतून एक अख्खा मुळा निघाला.
मोडायचा नाही, चिरायचा
असं ठरवून सुरी घेतली,

तेवढ्यात फ्रिज,
नेहमीसारखाच,
थांबला.