अक्षरामागे चारशे फिल्स

क्लबचा माणूस पिशवी टाकून गेला.
तीन जर्सी, नंबर चौदा, उद्या मॅच.
ब्रॅडली गुडघा धरून अमेरिकेला परतला होता,
पाठीवरचं नाव अजून इथेच होतं.

मुहर्रकच्या मासळीबाजारामागे माझं दुकान,
दोन मशिनी, एक पंखा, बिस्किटांच्या डब्यात बटणं.
एकवीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतो,
मोसमात क्लबची नावं.
अक्षरामागे चारशे फिल्स.

चिठ्ठीवरचं नवं नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
तायडे.
ब्रॅडली उसवला. ए निघाला, डी, ई, वाय,
चारही तशीच चालली.
टी आणि दुसरा ए तेवढे नवे कापले.
क्लबला सहाचे पैसे लावले.

दुसऱ्या दिवशी तो आला, दारात वाकून.
"चाचा, कुठले तुम्ही?"
"हर्णैचा."
"मी भुसावळचा."
नकाशावर या दोन गावांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही,
मुहर्रकमध्ये ती भिंतीला भिंत लागून आहेत.

काम वेगळंच होतं. चादर.
क्लबच्या फ्लॅटमधला पलंग सहा फुटी,
हा सहा फूट आठ इंच.
मी म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरावे माणसानं.
हसला. "तसं केलं असतं
तर पार्सल ऑफिसात जन्मभर पावत्याच फाडल्या असत्या."

मी पट्टी जोडेपर्यंत स्टुलावर बसला,
गुडघे हनुवटीशी.
रेल्वेच्या टीममधून नऊ वर्षं, नोकरी कोट्यातली.
मग चेन्नई, एका बँकेसाठी.
माले, तिथे चेंडू बाहेर गेला की
पोरं समुद्रात उडी मारून आणायची.
दोह्याला केबल कंपनीची टीम होती,
फायनलच्या आधी कंपनीच विकली गेली.
सोहारचा तीन महिन्यांचा पगार अजून इन्शाअल्ला.
"घरी सांगतात, परदेशात खेळतो.
इथे विचारतात, इंडियाचा? मग क्रिकेट सोडून हे काय?"
वय छत्तीस. कागदावर तेहतीस.

एकदा गेलो बघायला.
वाटलं होतं, उड्या मारत असेल.
तो नुसता जागा अडवून उभा राहायचा,
दाराला आतून लावलेल्या अडसरासारखा.
समोरचे येऊन आदळायचे,
बाजूनं तिसराच कोणी बास्केट करून जायचा,
टाळ्या त्याला.
चार पॉइंट. लाउडस्पीकरवर नाव तायादी.
दुसरा ए जरासा तिरका बसला होता,
अख्ख्या हॉलमध्ये मला एकट्याला दिसला.

सात आठवडे.
मग तीच पिशवी, नवी चिठ्ठी.
दियात्ता. सेनेगलचा. तेवीस वर्षांचा.

त्याच संध्याकाळी हा बॅग घेऊन आला.
सलालाहून फोन येणार आहे म्हणाला,
नाही आला तर भुसावळ, बिनपगारी रजा तशीही संपत आलीये.
घोट्याला पट्टी. चादर घडी करून बगलेत,
माझ्या पट्टीचा रंग जुळला नव्हता, ते आता उजेडात कळलं.
"येतो, चाचा."
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
मान हलवली.
त्यानं ती पाहिली की नाही, कोण जाणे,
दाराशी तो वाकलेला होता.

रात्री उसवायला बसलो.
डी दियात्ताला गेला. दोन्ही ए गेले, तिरकासुद्धा.
टी गेला. आणखी एक टी कापला, एक आय.
दोन अक्षरं उरली, वाय आणि ई,
मधे चार बोटं रिकामी जागा, सुईची भोकं.
तीही सोडवली, डब्यात टाकायला उचलली.
तळहातावर शेजारी शेजारी आली तेव्हा वाचली,
तीही मोठ्यानं, बंद दुकानात.

ये.

तीन जर्सी होत्या.
तीनदा.